पावसाळी भटकंती आणि कुत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस पहिले ढग दिसू लागले की हे प्रश्न यायला सुरुवात होते आणि गणपती उठेपर्यंत ते येत राहतात. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईचे असतात आणि त्यांना लोणावळा, मुळशी, ताम्हिणी, महाबळेश्वर किंवा आंबोली अशा घाटमाथ्यावरच्या भागात आपला कुत्रा बरोबर न्यायचा असतो. खालची उत्तरे एका दिवसाची, फार तर एका मुक्कामाची भटकंती गृहीत धरून लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न आहे; एकच गोष्ट दोनदा सांगावी लागेल तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते? पावसाळ्यात कुत्र्याला खरोखर गारठा बाधतो का?

बाधतो, आणि तो बहुधा चालणे थांबल्यावर बाधतो. जुलैमध्ये घाटमाथ्यावरचे तापमान वीस अंशांच्या आसपास असते आणि आकडा म्हणून त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कुत्र्याला ऊब मिळते ती केसांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. केस मुळापर्यंत भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते, आणि वर पठारावरचा वारा असला की ते पाणी वाळता वाळता अंगातली उष्णता ओढून नेते. कुत्रा चालत असतो तोपर्यंत त्याचे स्नायू ही तूट भरून काढतात; तो बसला की भरपाई थांबते, तूट मात्र चालूच राहते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेने उधेवाडीला पोहोचल्यावर आम्ही एका घराच्या पडवीत पिठले-भाकरी खायला बसलो होतो आणि पंधरा किलोमीटर उड्या मारत आलेला आमचा कुत्रा वळचणीखाली शांत बसला होता. दमला असेल, असे आम्ही समजलो. पाऊण तासाने घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, त्याच्याकडं बघा की, काकडलंय ते." त्याच्या पोटाखालून अजून पाणी ठिबकत होते, कानांची टोके बर्फासारखी गार होती आणि मागचे पाय थरथरत होते. आजींनी चुलीजवळचे कोरडे गोणपाट दिले आणि आम्ही त्याला पुसून काढला, तेव्हा कुठे अर्ध्या तासाने त्याने भाकरीच्या तुकड्याकडे मान वळवली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की थांबल्यावर आधी कुत्रा पुसायचा आणि मग डबा उघडायचा.

२. कोणत्या कुत्र्यांना गारठा लवकर बाधतो?

अंगाने सडपातळ आणि आखूड केसांच्या कुत्र्यांना तो सर्वांत लवकर बाधतो. आपल्याकडचा कारवान हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: धावायला अप्रतिम, पण अंगावर चरबी नाही आणि केसही नावापुरते. डॅशहंडसारख्या बुटक्या कुत्र्यांचे पोट ओल्या गवताला सतत घासत असते, त्यामुळे वरून पाऊस नसला तरी ते भिजतातच. पिल्ले, म्हातारे कुत्रे, नुकतेच आजारातून उठलेले कुत्रे आणि सांधे धरलेले कुत्रे यांना वेगळ्या यादीची गरज नाही. त्यांना लांबच्या भटकंतीला नेऊच नये.

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड यांच्या बाहेरच्या राठ केसांखाली दाट लव असते. ती लवकर भिजत नाही, पण एकदा भिजली की वाळायला तासन् तास घेते. वरून हात फिरवून कुत्रा कोरडा वाटतो आणि बोटे केसांत खुपसली की आत ओल लागते. गावठी कुत्रा काटक असतो हे खरे आहे, परंतु सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर वाढलेल्या गावठी कुत्र्याला केवळ जातीवरून काटक समजू नये.

३. निघण्यापूर्वी कोणत्या लसी आणि औषधे झालेली असावीत?

रेबीजची आणि नेहमीची एकत्रित लस वेळेवर झालेली असावी. एकत्रित लसींच्या सगळ्याच प्रकारांत लेप्टोस्पायरोसिसचा (साचलेल्या पाण्यातून होणारा आजार, प्रश्न ९ पाहावा) घटक असतो असे नाही, म्हणून पशुवैद्यांना तो स्पष्टपणे विचारून घ्यावा. या लसीचे पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुढे ती दरवर्षी द्यावी लागते. शनिवारी ट्रेक आणि शुक्रवारी लस, असा हिशेब चालत नाही. गोचिडांविरुद्धचे औषध गोळीच्या रूपात असो वा मानेवर टाकायच्या थेंबांच्या रूपात, ते निघण्याच्या काही दिवस आधी द्यावे. थेंब टाकल्यावर दोन दिवस कुत्रा भिजू न देणे बरे.

४. कुत्र्याला रेनकोट घालावा का?

चढताना शक्यतो घालू नये, थांबल्यावर जरूर घालावा. हे उत्तर ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून तोंडावाटे उष्णता बाहेर टाकतो आणि दमट हवेत ही युक्ती आधीच अपुरी पडते. त्यात प्लॅस्टिकचा कोट चढवला की चढणीवर कुत्रा आतून तापतो, जीभ लांब आणि गडद लाल होते, आणि ज्याला थंडीपासून वाचवायचे म्हणून कोट घातला तोच उष्माघाताकडे निघतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये हा धोका विशेष मोठा असतो.

सडपातळ कुत्र्याला सपाट पठारावर, वाऱ्यापावसात पातळ कोट घालायला हरकत नाही, मात्र तो छाती आणि पोट झाकणारा असावा. बाजारातले बरेच कोट फक्त पाठ झाकतात. दर तासाला कोटाखाली हात घालून पाहावे. आत दमट आणि गरम लागले तर कोट काढावा. काखेत आणि जांघेत तो घासत नाही ना, हेही त्याच वेळी दिसते.

५. पिशवीत काय काय घ्यावे?

दोन मोठे पंचे घ्यावेत. जाड टर्किश टॉवेल एकदा भिजला की वजन वाढवतो आणि काम करत नाही. सुती पंचा पिळून पुन्हा वापरता येतो. एक कोरडे पांघरूण किंवा जुना स्वेटर घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि तो कितीही मोह झाला तरी परतीच्या थांब्यापर्यंत उघडू नये. कुत्र्याला खाली बसवायला फोमच्या चटईचा तुकडा घ्यावा, कारण ओला कातळ पोटातली ऊब शोषून घेतो. याखेरीज प्यायचे पाणी, चिमटा, बँडेज, डिजिटल थर्मामीटर आणि जवळच्या तालुक्याच्या गावातल्या पशुवैद्यांचा आधी चौकशी करून ठेवलेला दूरध्वनी क्रमांक असावा. रविवारी दवाखाना उघडा असतो का, हे त्याच फोनवर विचारावे.

खाण्याचे म्हणाल तर नेहमीपेक्षा थोडे जास्त लागते, पण भरल्या पोटी कुत्र्याला पळवू नये. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. निघण्याच्या दोन-तीन तास आधी हलके जेवण द्यावे आणि वाटेत थोडे थोडे द्यावे.

६. कुत्रा गारठला आहे हे कसे ओळखावे?

सुरुवातीला तो कुडकुडतो, अंग आखडून घेतो, शेपूट पायांत घालतो आणि चालायला कुरकुर करतो. या टप्प्यावर कोरडे करून ऊब दिली तर तो लवकर सावरतो. पुढच्या टप्प्यावर तो मंद होतो, अडखळतो, हाक मारली तरी बघत नाही, हिरड्या फिक्या पडतात आणि कुडकुडणे थांबते. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटले, असा समज करून घेणे सर्वांत महागात पडते. अंग गार असून थरथर थांबली असेल तर शरीराची ऊब निर्माण करण्याची ताकद संपत आली आहे आणि दवाखान्याकडे निघायला हवे.

थर्मामीटर असेल तर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात तापमान घ्यावे. कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. इथे हमखास घोटाळा होतो: माणसाचा ९८.६ हा आकडा डोक्यात असल्यामुळे १०२ दिसले की लोक तापाचे औषध शोधतात आणि ९८ दिसले की निश्चिंत होतात. ९९ च्या खाली गेलेला कुत्रा गारठलेला आहे.

७. गारठलेल्या कुत्र्याला ऊब कशी द्यावी? थोडी ब्रँडी पाजली तर चालते का?

ब्रँडी मुळीच पाजू नये. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर पडते, आणि शिवाय दारू कुत्र्याला विषारी असते. आधी त्याला वाऱ्यापावसातून आडोशाला न्यावे, ओला पट्टा आणि कोट काढावा, प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे कोरडे करावे आणि मगच पांघरुणात गुंडाळावे; ओल्या कुत्र्याभोवती गुंडाळलेले पांघरूण म्हणजे ओले फडके होय. कोमट पाण्याच्या बाटल्या पंचात गुंडाळून छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. उकळत्या पाण्याची बाटली किंवा विजेचे शेकपॅड थेट कातडीला लावू नये, कारण गारठलेल्या कुत्र्याला भाजतेय हे कळत नाही आणि सरकून बाजूला होण्याचे त्राण त्याच्यात नसते. काहीच हाताशी नसेल तर त्याला आपल्या जॅकेटच्या आत, अंगाशी धरावे.

शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर कोमट पाणी किंवा भाताची पातळ पेज द्यावी. मलूल कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नये. माणसांचा वेदनाशामक बाम चोळू नये, कारण त्यातला कापूर तो चाटून पोटात घेतो. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारख्या आपल्या गोळ्याही देऊ नयेत.

८. कुत्र्याला नीट कोरडे कसे करावे?

बहुतेक लोक पाठ पुसतात, कारण ती समोर दिसते. पाठीवरचे पाणी कुत्रा स्वतः अंग झटकून उडवतो. त्याच्या झटक्याने न निघणारे पाणी पोटाखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत राहते. म्हणून आधी त्याला दोन-तीनदा झटकू द्यावे, मग पंचा दाबून पाणी टिपावे आणि शेवटी केसांच्या उलट दिशेने पुसावे. पट्ट्याखालची मान विसरू नये. घरी आल्यावर हेअर ड्रायर वापरायचा असल्यास मंद आणि कोमट ठेवून, आपला हात मध्ये धरून वापरावा.

लोंबत्या कानांचे कुत्रे, म्हणजे बीगल, कॉकर स्पॅनियल आणि लॅब, यांच्या कानात ओल राहून दोन-तीन दिवसांत खाज, वास आणि काळपट मळ सुरू होतो. कान उलटा करून आतला दिसणारा भाग कोरड्या कापडाने टिपावा, परंतु कापसाची काडी आत घालू नये. दाट केसांच्या कुत्र्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी लाल, चिकट, ओलसर चट्टा दिसला तर तो ओल राहिल्याचाच परिणाम असतो आणि त्यावर हळद थापण्यापेक्षा पशुवैद्यांना दाखवावे.

९. डबक्यातले किंवा खाचरातले पाणी प्यायले तर काय होते?

प्रत्येक वेळी काही होत नाही, म्हणूनच लोक बेफिकीर होतात. लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे आणि डुकरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पिण्यातूनच नव्हे तर पायावरच्या जखमेतूनही शिरतात. मुंबईकरांना हे नाव २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चांगलेच परिचयाचे झाले. भटकंतीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, उलट्या, चालताना अंग दुखणे, डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा अथवा लघवीत बदल दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कुत्रा कुठल्या पाण्यात गेला होता हे आपण होऊन सांगावे. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालून आणि जंतुनाशकाने साफ करावी. लसीविषयी प्रश्न ३ पाहावा.

भातखाचरात कुत्रा सोडू नये याचे आणखी एक साधे कारण आहे: तिथे कुणीतरी कंबर मोडून लावणी केलेली असते.

१०. गोचीड आणि जळवा कशा काढाव्यात?

गोचीड चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, उदबत्तीचा चटका किंवा पिळून फोडणे, यांपैकी काहीही करू नये. ती कानाच्या घड्यांत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि काखेत सापडते, त्यामुळे प्रश्न ८ मधले पुसणे आणि ही तपासणी एकदमच उरकता येते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर गोचीड तापाची शंका घ्यावी. गुरांना लावायचे गोचीडनाशक गावात सहज मिळते, पण ते कुत्र्याला अंदाजाने लावू नये.

जळवा आंबोली, कोयना अशा दाट, ओल्या रानांत भेटतात. जळवेच्या तोंडाजवळ नख सरकवून तिला बाजूला करावे. मूठभर मीठ टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे, मात्र जखमेवर ते झोंबते आणि कुत्रा तिथेच चाटत बसतो. रक्त बराच वेळ वाहते. कापड दाबून धरले की थांबते. ओढ्याचे पाणी प्यायल्यानंतर काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल आणि कुत्रा सारखा शिंकत असेल, तर आत जळू असू शकते. ती घरी काढायचा प्रयत्न करू नये.

११. साप चावला किंवा कुत्र्याने बेडूक तोंडात धरला तर?

साप चावल्यास कुत्र्याला चालवू नये. उचलून किंवा झोळीत घालून गाडीपर्यंत न्यावे. आवळपट्टी, चिरा देणे आणि तोंडाने विष ओढणे टाळावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्ध असते. पावसाळ्यात झुडपांवर दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर ते लागू पडत नाही, त्यामुळे लांबून साप ओळखता आला तर उपयोग होतो, पण फोटोसाठी जवळ जाऊ नये.

अंगावर खरखरीत गाठी असलेला भेक तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. तोंड खाली झुकवून, बाजूने पाणी मारत ते बाहेरच्या दिशेने धुवावे, म्हणजे पाणी घशात जाणार नाही. फेस थांबला नाही किंवा झटके आले तर दवाखाना.

१२. माझा लॅब उत्तम पोहतो. त्याला धबधब्याच्या कुंडात सोडू का?

सोडू नये. तळ्यात पोहणे आणि पावसाळी कुंडात पोहणे यांत मोठा फरक आहे: इथे पाण्याला ओढ असते, काठ शेवाळलेला असतो आणि कुत्रा पाण्यात उतरला तरी वर चढू शकत नाही. वर डोंगरात झड लागली की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. कुत्र्यामागे उडी घेणाऱ्या माणसाचा जीव जास्त धोक्यात असतो. अनेक धबधब्यांवर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदी घालते. ती कुत्र्यालाही लागू आहे असेच समजावे. ओढा ओलांडताना हार्नेस वापरावा, कारण गळ्यातल्या पट्ट्याने ओढल्यास गळा आवळतो किंवा पट्टा डोक्यावरून निसटतो.

१३. कळसूबाईला कुत्रा नेता येईल का?

१,६४६ मीटर उंचीचे हे शिखर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेऊ नये. भीमाशंकर, कोयना आणि राधानगरी यांनाही हेच लागू आहे. तिथे आधीच गावातले कुत्रे हिंडतात, असा युक्तिवाद वारंवार येतो. परंतु रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत कुत्र्यांमार्फत पोहोचतात आणि आपण त्यात एकाची भर घालू नये. अभयारण्याबाहेरही, विशेषतः जुन्नर, आंबेगाव भागात, दिवस मावळल्यावर कुत्रा साखळीविना ठेवणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण आहे.

१४. तंबूत मुक्काम असेल तर कुत्रा कुठे झोपवावा?

तंबूच्या आत, फोमवर, आपल्या पायाशी झोपवावा. तो बाहेर राखण करेल ही कल्पना बिबट्याच्या मुलखात सोडून द्यावी. शेकोटीजवळ बांधू नये. ठिणगीने कृत्रिम धाग्याचा स्वेटर क्षणात वितळून कातडीला चिकटतो. तंबूत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे, अथवा काचा लावून इंजिन चालू ठेवणे, माणूस आणि कुत्रा दोघांनाही प्राणघातक आहे.

१५. मागच्या वर्षीचा स्वेटर कपाटातून काढला आहे. तसाच घातला तर चालेल ना?

डांबराच्या गोळ्या घालून ठेवला असेल तर चालणार नाही. नॅफ्थलिन कुत्र्याला विषारी आहे आणि कुत्रा स्वेटर चावतोच. धुऊन, उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावा, आणि पेटीत एखादी गोळी लोळत नाही ना, हे पाहावे.

१६. आम्ही कॅनडात राहतो. बर्फात हीच काळजी पुरेशी आहे का?

कोरडे ठेवण्याचे तत्त्व तेच राहते, पण तीन गोष्टींची भर पडते. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे सोलवटतात आणि कुत्रा ते चाटतो, म्हणून घरात येताच कोमट पाण्याने पंजे धुवावेत. बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे धरतात, ते केस कापून ठेवावेत. गाडीतले अँटिफ्रीझ गोडसर लागते आणि त्याचे थोडेसे चाटणेही मूत्रपिंडे निकामी करते. सांडलेले दिसल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा.

१७. थंड पाण्यात भरपूर पोहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कुत्र्याची शेपूट लुळी पडली आहे. मोडली असेल का?

मोडली असण्याची शक्यता कमी आहे, तरी खात्री पशुवैद्यांनीच करावी. थंड पाण्यात पोहल्यानंतर किंवा सवय नसताना खूप श्रम झाल्यानंतर शेपटीच्या मुळाशी असलेले स्नायू दुखावतात. शेपूट काही इंच आडवी राहते आणि मग दोरीसारखी खाली लोंबते. लॅब आणि इतर शिकारी जातींत हे विशेष दिसते. मुळाशी हात लावला की कुत्रा कळवळतो आणि शी करायला नीट बसत नाही, त्यामुळे घरातले लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात. विश्रांती, कोरडी ऊबदार जागा आणि पशुवैद्यांनी दिलेले वेदनाशामक यांवर बहुतेक कुत्रे काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत पूर्ववत होतात. मागचे पायही ओढत असतील किंवा लघवीवर ताबा नसेल, तर मात्र दुखणे शेपटीचे नसून कण्याचे असू शकते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये.